शटरचं टेबल आणि कुलपावरचं नाव

या महिन्यात जुन्या लाकूडसामानाबद्दल जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच वस्तूबद्दल निघाली, शटर ओढून बंद करायचं लिहायचं टेबल, म्हणजे रोल टॉप. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण तो विषयच तसा आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचं एक टेबल आहे, वरून लाकडी शटर खाली ओढता येतं ते. दोन्ही बाजूला ड्रॉवर आणि आत कागद ठेवायला छोटे छोटे कप्पे. ते वकील होते, जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करायचे. आता आमचं घर रिडेव्हलपमेंटला जाऊन राहिलं आणि फ्लॅटमध्ये एवढं टेबल कुठे ठेवायचं यावरून घरात रोज बोलणं होतं. एका जुन्या फर्निचरवाल्याला दाखवलं तर त्याने शटरच्या कुलपावर इंग्रजीत 'कॉर्बिन' लिहिलेलं पाहिलं आणि म्हणाला, हे अमेरिकेतल्या कॉर्बिन कंपनीचं टेबल आहे, सव्वाशे वर्षं जुनं, मी घेतो. सासूबाई म्हणतात की हे इथेच सुतार बसवून करून घेतलं होतं. लाकूड तर सागवानच वाटतं. खरं काय समजायचं? हा कॉर्बिन कोण? आणि विकावं की ठेवावं?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, मला सासूबाईंचं म्हणणं जास्त पटतं आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, लाकूड सागवान वाटतं म्हणालात ना, ते. अमेरिकेत त्या काळी जी रोल टॉप टेबलं बनायची ती बहुतेक ओकची, काही अक्रोडाची, चेरीची आणि भारीतली महोगनीची. सागवान हे आपल्याकडचं आणि ब्रह्मदेशाचं लाकूड. बल्लारशा-आलापल्लीचं सागवान बोटीने अमेरिकेत न्यायचं, तिथे टेबल बनवायचं आणि परत नागपूरला पाठवायचं, हे कोण कशाला करेल? तेव्हा सगळ्यात आधी लाकूड पक्कं करून घ्या. एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि ज्या बाजूला पॉलिश लागलेलं नाही ती बाजू उजेडात धरा, सागवान असेल तर रंग सोनेरी-तपकिरी आणि हाताला किंचित तेलकट लागेल, आणि कोपऱ्यात नखाएवढं खरवडलं तर जुन्या चामड्यासारखा वास येईल. ओक असेल तर रेषा जाड, लाकडाची छिद्रं डोळ्याला दिसतील अशी, आणि चांगल्या टेबलांवर फळीभर चकाकणारे आडवेतिडवे पट्टे दिसतात, कारण खोड आधी चार भागांत चिरून मग फळ्या काढलेल्या असतात आणि त्या पद्धतीने कापलं की खोडाच्या गाभ्यातून बाहेर जाणारे पेशींचे पट्टे फळीवर उघडे पडतात. तुमच्या टेबलावर असे पट्टे नसतील असं मला वाटतं, पण तुम्ही बघाच.

आता कॉर्बिन. कॉर्बिन टेबलवाला नव्हताच, कुलूपवाला होता. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू ब्रिटन नावाचं गाव आहे, त्याला हार्डवेअर सिटीच म्हणायचे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं, हँडल सगळं तिथे बनायचं. तिथलीच ही कॉर्बिन कॅबिनेट लॉक कंपनी, आणि तिचं कामच होतं कपाटं-टेबलं बनवणाऱ्यांना कुलपं पुरवायचं. त्याच राज्यात टेरीव्हिलची ईगल लॉक कंपनी होती, स्टॅमफर्डची येल अँड टाउन होती, यांचीही नावं तुम्हाला जुन्या ड्रॉवरवर सापडतील. कुलपावरचं नाव वाचून टेबल कोणाचं ते सांगणं म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरवरचं नाव वाचून घर कोणी बांधलं ते सांगण्यासारखं आहे. त्या कुलपावर पेटंटची तारीख कोरलेली असेल तर तिचा एक उपयोग मात्र होतो, टेबल त्या तारखेच्या आधीचं नाही एवढं पक्कं समजायचं. नंतर किती वर्षांनी बनलं ते कुलूप सांगत नाही, कारण अशी कुलपं हार्डवेअरच्या दुकानात वर्षानुवर्षं सुटी विकली जायची. त्यामुळे सव्वाशे वर्षं हा आकडा त्या दुकानदाराने कुठून काढला ते त्यालाच विचारा.

पण मग रोल टॉप अमेरिकेचं का म्हणतात, तर त्याला कारण आहे. न्यूयॉर्क राज्यात बफलो शहर आहे, तिथे अब्नर कटलर नावाच्या माणसाची टेबलांची कंपनी होती आणि 1882 साली त्याला रोल टॉप टेबलाचं अमेरिकन पेटंट मिळालं. कल्पना मात्र त्याची पहिली नव्हती. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईसाठी 1760 साली ज्यां-फ्रान्स्वा एबेन नावाच्या कारागिराने एक टेबल करायला घेतलं, त्याला राजाचं टेबल म्हणूनच ओळखतात आणि ते आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. त्याचं झाकण गोल वळवलेलं अखंड लाकडाचं, आणि किल्ली एकदा फिरवली की झाकण आणि सगळे ड्रॉवर एकदम मोकळे होतात अशी आतली व्यवस्था. एबेन 1763 साली वारला. त्याच्या बायकोने वर्कशॉप चालू ठेवलं, तिथलाच एक तरुण कारागीर ज्यां-हेन्री रीसेनर याने पुढे तिच्याशी लग्न केलं आणि टेबल 1769 साली पूर्ण केलं, आणि सही त्याने स्वतःची केली. म्हणजे जगातल्या सगळ्यात नामांकित टेबलावर ज्याचं नाव आहे त्याने ते सुरू केलेलं नाही, आणि ज्याने सुरू केलं, डोकं लावून आतली यंत्रणा ठरवली, त्याची सही त्यावर नाही. मला ही गोष्ट तुमच्या टेबलाच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते.

अखंड गोल झाकण बनवणं महाग आणि जड. त्याऐवजी लाकडाच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी मांडून मागून कापडावर सरसाने चिकटवायच्या, म्हणजे ते पाहिजे तसं वळतं. पट्ट्यांची ही युक्ती पण युरोपात आधीपासूनची. कटलरच्या काळात झालं काय की हेच टेबल कारखान्यात मशीनवर निघायला लागलं, आणि गिऱ्हाईक पण तयार होतं, अमेरिकेत रेल्वे, बँका, विमा कंपन्या वाढल्या होत्या, कारकुनाच्या आणि मॅनेजरच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडायचा, आणि संध्याकाळी एक शटर ओढून सगळं कुलूपबंद करता येतं याची किंमत ऑफिसवाल्याला लगेच कळते. बफलोला मोठ्या सरोवरांतून बोटीने लाकूड यायचं आणि एरी कालव्याने माल बाहेर जायचा. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला तर फर्निचरचं गावच म्हणायचे. इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनचं 1874 चं पेटंट टेबल त्याच्याही आधीचं, पण त्याला शटर नव्हतं, पुढून कपाटासारखे दोन पाखे उघडायचे आणि आत शंभरावर कप्पे.

हे राज्य फार टिकलं नाही आणि का टिकलं नाही तेही बघण्यासारखं आहे. टाइपरायटर आला, तो या टेबलात बसत नाही. कागद उभे लावायची फाइल-कॅबिनेटं आली, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे मांडली गेली. मग ऑफिस नीट कसं चालवावं हे सांगणारे तज्ज्ञ आले आणि त्यांनी या टेबलावर सरळ ठपका ठेवला की माणूस कप्प्यात कागद कोंबतो आणि शटर ओढून विसरून जातो. खुद्द बफलोमध्ये, कटलरच्या गावात, फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टने लार्किन नावाच्या साबणाच्या कंपनीसाठी 1906 साली जी ऑफिसची इमारत पुरी केली तिच्यात टेबलं लोखंडाची, वरून सपाट, खुर्ची टेबलालाच जोडलेली. आपल्याकडे हा बदल जरा उशिरा आला. गोदरेजने 1923 साली स्टीलची कपाटं काढायला सुरुवात केली आणि पुढे हळूहळू सरकारी ऑफिसांतून लाकूड मागे पडत गेलं.

आता नागपूर. मुंबईची रेल्वे इथे 1867 साली पोचली आणि 1891 साली बंगाल नागपूर रेल्वेने कलकत्त्याकडची लाइन जोडली, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रांताच्या, सीपीच्या, राजधानीत दोन्ही बंदरांचा माल येत होता. सेक्रेटरिएट, कोर्ट, एम्प्रेस मिल, रेल्वेची ऑफिसं, मिशनची कॉलेजं, या सगळ्यांना टेबलं लागायची आणि साहेबाच्या ऑफिसात जे दिसलं ते वकील-डॉक्टरांनी आपल्या घरी करून घेतलं. काही टेबलं मोठ्या दुकानांतून आली असणार, कलकत्त्याला लॅझरस कंपनी होती, मुंबईत विंब्रिज अँड कंपनी होती. हा विंब्रिज इंग्रज, 1879 साली मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट यांच्यासोबत थिऑसॉफी या आध्यात्मिक चळवळीच्या कामासाठी न्यूयॉर्कहून निघून मुंबईत आला, दीडेक वर्षात त्यांच्यापासून वेगळा झाला आणि फर्निचरचा कारखाना काढून बसला. अशा कंपन्या आपल्या मालावर नावाची पट्टी किंवा शिक्का मारायच्या, शक्यतो मधल्या ड्रॉवरच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूला किंवा मागच्या फळीवर. तिथे टॉर्च लावून बघा. चिठ्ठी चिकटवलेली असेल आणि अर्धी फाटली असेल तरी तिला ओलं फडकं लावू नका, आधी फोटो काढा.

शिक्का नाही सापडला तर मग टेबल इथल्याच सुताराचं असायची शक्यता फार आणि मला यात काही कमीपणा वाटत नाही, उलट. सुताराने साहेबाच्या ऑफिसातलं टेबल पाहिलं, मापं घेतली, कुलूप हार्डवेअरवाल्याकडून आणलं आणि बाकी सगळं रंधा आणि पटाशीवर उभं केलं. गोल खाचेतून शटर सरकतं करणं हे हाताने करायचं म्हटलं तर डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे, दोन्ही बाजूंच्या खाचा केसाएवढ्या जरी मागेपुढे झाल्या तरी शटर तिरकं होऊन अडकतं. तुमचं शटर आजही सरळ खाली येत असेल तर त्या माणसाचा हात कसा होता ते त्यातच कळतं.

त्याच्या खुणा शोधायच्या असतील तर ड्रॉवरच्या मागे आणि खाली बघा. सुतार प्रत्येक ड्रॉवर त्याच्याच खणात बसवून घेतो म्हणून पेन्सिलीने किंवा पटाशीच्या टोकाने नंबर टाकतो, ते आकडे देवनागरी आहेत की इंग्रजी की गुजराती, ते बघा, यावरून कारागीर कुठल्या भागातला ते थोडंफार कळतं. ड्रॉवरच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे, एकसारखे मोजून मापून असतील तर मशीनचे, थोडे लहानमोठे असतील आणि शेजारी आखणीची बारीक रेघ दिसत असेल तर हाताचे. एक अमेरिकन सांधा असाही आहे की त्यात डव्हटेलऐवजी अर्धगोल आणि त्याच्या मधोमध गोल खुंटी दिसते, तो नॅपचा सांधा, साधारण 1870 ते 1900 या काळातच वापरला, तो जर दिसला तर मात्र मी म्हणतोय ते सगळं बाजूला ठेवा आणि मला लगेच कळवा. ड्रॉवरचा तळ आणि मागची फळी आडजात, म्हणजे सागवान सोडून दुसऱ्या हलक्या, लाकडाची असेल तर घाबरू नका, सगळीकडेच दिसतं तिथे सागवान आणि दिसत नाही तिथे आडजात अशी रीत होती. स्क्रू पण बघा, चौफुलीच्या खाचेचे म्हणजे फिलिप्सचे स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचे, ते मूळ जागी दिसले तर टेबल तरी नंतरचं किंवा दुरुस्ती तरी नंतरची.

विकायचं की ठेवायचं ते घरच्यांनीच ठरवायचं, पण माझं मत विचारलंत तर ठेवा. जागेचं कारण खरं आहे, मात्र हे टेबल एका तुकड्यात नसतं हे बहुतेकांना माहीत नसतं, वरचा शटरचा भाग, मधली लिहायची फळी आणि खालचे दोन ड्रॉवरचे खोके वेगवेगळे निघतात, आतून स्क्रू नाहीतर लाकडी खुंट्या असतात. लिफ्टमध्ये जाईल. आणि विकायचंच ठरलं तर कॉर्बिनचं अमेरिकन टेबल म्हणून विकू नका आणि घेणाऱ्याला तसं म्हणू पण देऊ नका. सागवानी, नागपुरात बनलेलं, अमुक वकिलांच्या घरातलं, असं लिहून द्या. सासूबाईंना जे जे आठवतं ते आजच त्यांच्याकडून लिहून घ्या, सुतार कुठल्या पेठेतला होता, टेबल व्हायला किती महिने लागले, लाकूड लकडगंजातून आणलं की कुठून. ही माहिती त्यांच्याशिवाय कोणाकडेच नाही.

प्रश्न : आमच्या टेबलाचं शटर पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात खडखडते. यावर्षी तीन-चार पट्ट्या मागच्या कापडापासून सुटून लोंबून राहिल्या. मिस्त्री म्हणतो मागून फेव्हिकॉलने रेक्झिन मारून देतो. करू का?
— महाल

उत्तर : रेक्झिन नको. शटरचा सगळा जीव त्या मागच्या कापडात असतो, ते वळायला पाहिजे आणि ताणायला नको. रेक्झिन जाड, गोल वळणावर घडी पडते आणि पट्ट्यांमध्ये फट उघडते. फेव्हिकॉल लाकडाला उत्तमच, पण जुन्या सरसावर तो नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी काढायची वेळ आली तर पट्टीच फाटते. सरसाचा गुण असा की गरम पाण्याच्या फडक्याने तो मऊ होतो आणि काम उलटं फिरवता येतं, म्हणून जुन्या कामाला जुनाच सरस.

करायचं असं. टेबलाची मागची फळी काढली की शटर मागून खाली ओढून बाहेर येतं, काही टेबलांत खाचेचं तोंड मागे उघडं ठेवलेलं असतं. बाहेर आलं की पट्ट्यांना मागून खडूने ओळीने नंबर टाका, कारण हाताने केलेल्या पट्ट्या एकसारख्या नसतात आणि क्रम बदलला की शटर तिरकं चालतं. सपाट फळीवर तोंड खाली करून सगळ्या मांडा, दोन बाजूंना काटकोनात पट्टी ठोकून घट्ट बसवा, जुनं कापड गरम ओल्या फडक्याने भिजवून सोडवा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. मग नवं कापड, जाडसर सुती कॅनव्हास, आधी धुऊन घेतलेलं म्हणजे नंतर आटणार नाही. कापड दोन्ही कडांपासून अर्धा-पाऊण इंच आत थांबवायचं, ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट आहे, पट्टीची टोकं खाचेत फिरतात तिथे कापड गेलं की शटर जाम झालंच म्हणून समजा. सरस पातळ लावा, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत उतरता कामा नये. अर्धवट वाळलं की एकदा हलकेच गुंडाळून बघा म्हणजे फटीत गेलेला सरस तिथल्या तिथे तुटतो.

खाचेत तेल-ग्रीस काही घालू नका, धूळ बसते. साधी मेणबत्ती घासा.

आणि पावसाळा-उन्हाळ्याचं म्हणाल तर नागपूरची हवाच तशी, मे महिन्यात 45 च्या वर पारा आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतींना ओल. लाकूड आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत फारसं नाही. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं. पण कूलर टेबलाकडे तोंड करून लावलेला असेल तर तो आधी हलवा, बाहेर कोरडं आणि एका बाजूने दिवसभर ओला वारा, हे कुठल्याच लाकडाला सोसत नाही.

प्रश्न : शटर चुकून बंद झालं, किल्ली हरवलीये, ड्रॉवर पण एकही उघडत नाही. आत वडिलांचे जुने कागद आहेत. कुलूप तोडावं लागेल का?
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : दादा, तोडू नका आणि शटरखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, खालची पट्टी फुटते आणि कुलपाचं आकडं वाकतं.

ड्रॉवर का उघडत नाहीत ते आधी सांगतो म्हणजे उपाय आपोआप कळेल. चांगल्या रोल टॉपमध्ये खालच्या ड्रॉवरना वेगळी कुलपं नसतात. दोन्ही खोक्यांच्या मागे एकेक उभा दांडा असतो, लाकडी किंवा लोखंडी, आणि प्रत्येक ड्रॉवरच्या मागे त्यात अडकणारी एक कडी किंवा खाच. शटर पूर्ण वर सारलं की त्याचं दुसरं टोक कप्प्यांच्या मागून खाली उतरतं आणि एका लिव्हरला दाबतं, दांडे हलतात, ड्रॉवर मोकळे. शटर पुढे ओढलं की दाब गेला, दांडे आपल्या वजनाने खाली बसले, सगळे ड्रॉवर एकदम बंद. म्हणजे टेबलाला एकच कुलूप आणि ते शटरचं.

म्हणून टेबल भिंतीपासून ओढा आणि मागे जा. खोक्यांच्या मागच्या फळ्या बहुतेक स्क्रूवर असतात, एक फळी काढली की दांडा समोर दिसतो, तो हाताने वर उचलून धरा आणि दुसऱ्याला पुढून ड्रॉवर ओढायला सांगा. काही टेबलांत खालून, बुडाशी, दांड्याचं टोक हाताला लागतं, तिथून ढकललं तरी चालतं. वरच्या शटरसाठी मागची मोठी फळी काढा, आतून कुलपाचे स्क्रू पोचतात. कुलूप हातात आलं की ते किल्लीवाल्याकडे घेऊन जा, जुन्या कुलपावर किंवा त्याच्या पाठीवर नंबर कोरलेला असला तर तो जपून ठेवा. आत तेल ओतू नका, पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

प्रश्न : जुनं पॉलिश काळं पडलंय. मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारलं तर नव्यासारखं होईल का?
— मनीषनगर

उत्तर : नव्यासारखं होईल, तोच तर त्रास आहे. मशीनने घासलं की पटाशीच्या रेघा, हाताने गोल झालेल्या कडा, शंभर वर्षांत चढलेला रंग, सगळं भुशात जातं आणि परत आणता येत नाही. शिवाय पीयूचा थर शटरच्या फटींमध्ये बसला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात. आधी ते काळं नेमकं काय आहे ते बघा, बऱ्याचदा नुसता मळ आणि मेण असतं. कापसाच्या बोळ्याला थोडं टर्पेंटाइन लावून मागच्या कोपऱ्यात पुसून बघा. नंतर स्पिरिटचा एक थेंब, पॉलिश विरघळून चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये मिसळून केलेलं जुनं पॉलिश. ते असेल तर काढायची गरजच नाही, त्याच्यावरच नवा पातळ हात देता येतो आणि तो जुन्या थरात मिसळतो. ही लाख आपल्याकडच्या पळसावर, कुसुमावर होते, मिळायला अवघड नाही. जमणारा माणूस शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. आजोबांचं शटरचं टेबल तिला तिकडे पाठवायचं आहे. पॅकर्सवाले म्हणतात काही प्रॉब्लेम नाही. खरंच नाही का?
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : त्यांच्या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान 100 वर्षं जुनी वस्तू त्यात येते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. टेबल त्यात बसतं की नाही हे पॅकर्सवाला ठरवत नाही, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवतं, त्यांचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे. चारही बाजूंचे, ड्रॉवरच्या आतले, कुलपाचे फोटो आणि घरात जी काही कागदपत्रं असतील ती घेऊन तिथे चौकशी करा. वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र त्यांच्याकडून मिळालं तर कस्टममध्ये अडत नाही. लाकूड सागवान आहे की शिसम तेही आधी लिहून घ्या, शिसमाची सगळी जात 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे, त्याची परवानगी वेगळी. सागवानाला ती लागत नाही. हे सगळं हातात आल्याशिवाय पॅकर्सना ॲडव्हान्स देऊ नका.